वर्षभराच्या शिंपल्यांची पाटी

पूर्वी शूर्पारक नगरात जयसेन नावाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्वाने दूर समुद्रातल्या एका छोट्या बेटावर पाणबुड्यांच्या कुळात जन्म घेतला होता. त्याचे नाव नीलक. बेटावर माड होते, मासे होते, पण भाताचे एक रोपही उगवत नव्हते. वर्षातून एकदा राजाचे गलबत येई, मोत्यांचे शिंपले घेई आणि बदल्यात तांदूळ देई. मग पावसाळ्याचे चार महिने समुद्र बंद.

एका वर्षी त्या गलबतातून भद्रक नावाचा शूर्पारकचा एक हौशी माणूस आला. त्याला मासे धरायचे होते आणि समुद्राचा तळ पाहायचा होता. दोन दिवस त्याने गळ टाकले आणि हाती आलेल्या एका सुरमईचे वर्णन चौघांपाशी चार प्रकारे केले. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "आता मला बुडी मारायची आहे."

त्या बेटावर बुडी मारणाऱ्याचा दोर फक्त मेहुण्यानेच धरायचा, अशी रीत होती. आपली बहीण विधवा व्हावी असे कोणत्या भावाला वाटेल, आणि बायकोचा भाऊ बुडावा असे कोणत्या नवऱ्याला?

भद्रक हसला. "माझा मेहुणा मी खड्ड्यात पडलो तर वर माती लोटील!"

नीलकाची बायको केतकी म्हणाली, "मग मी तुम्हाला भाऊ मानते, दादा. हे तुमचे मेहुणे झाले. दोर हे धरतील."

होडीत बुडी मारायचा धोंडा एकच होता. तो पायाला लावला की माणूस भरकन तळाशी जातो. भद्रक धोंड्यासह खाली गेला. तळाशी कपारीत त्याला एक मोठा शिंपला दिसला, दोर तोकडा पडला, आणि त्या शहाण्याने कमरेचा दोर सोडला!

वर नीलकाच्या हातातला दोर सैल पडला. पाणी खोल होते. धोंड्याशिवाय उतरेपर्यंत भद्रकाचा श्वास संपला असता. होडीत जड असे एकच होते, साऱ्या बेटाने वर्षभर वेचलेल्या शिंपल्यांची पाटी. संध्याकाळी तीच गलबतावर न्यायची होती. नीलकाने ती छातीशी धरली आणि उडी घेतली.

तळाशी भद्रकाचा पाय कपारीत अडकला होता. तो सोडवायला दोन्ही हात लागले. पाटी सुटली, कड्यावरून घरंगळली आणि जिथे कोणी पाणबुड्या पोहोचत नाही तिथे गेली. नीलक भद्रकाला घेऊन वर आला. भद्रक खोकला, पाणी ओकला, तेव्हा नीलकाच्या डोळ्यांना धार लागली. "समुद्रा, तू माणूस परत दिलास. तुझे उपकार," तो म्हणाला.

गलबताच्या अधिकाऱ्याने शिंपल्यांशिवाय एक दाणाही दिला नाही. तरी बेटावर नीलकाला कोणी बोल लावला नाही.

संध्याकाळी केतकीने भद्रकाला गरम भात वाढला. बाकी सगळे खोबरे खात होते.

"ताई, तुम्हाला भात नको?"

"गाडग्यात एवढाच होता, दादा. भाऊ पहिल्यांदा घरी आला. त्याला खोबऱ्यावर कसं ठेवू?"

तेव्हा कुठे भद्रकाला पाटीची हकीकत समजली. त्याने ताट बाजूला सारले. "दाजी, माझ्यासाठी तुम्ही बेट उपाशी ठेवलंत!"

"जेव आधी," नीलक म्हणाला. "तू जेवतोयस हे बघूनच आमचं पोट भरतंय."

भद्रक सकाळी गलबताने गेला. अकराव्या दिवशी, आभाळ भरून आले असताना, तो तांदळाने भरलेली नाव घेऊन परत आला. लाटांनी त्याचे शीड फाडले होते. पोती उतरवताना तो रडत होता, आणि हसतही होता.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा भद्रक म्हणजे आजचा माझा शिष्य आनंद. नीलक मीच होतो. आणि केतकी म्हणजे यशोधरा."

एक भिक्षू म्हणाला, "भगवन्, आपली करुणा थोर."

"उडी घेताना मला विचार करायला वेळच नव्हता," शास्ते म्हणाले. "ती मात्र चुलीपाशी बसली होती. पुढचे चार महिने तिला दिसत होते. तरी तिने शेवटची मूठ वैरली. या कथेतली पारमिता, पूर्णत्वाला पोचलेला गुण, दानाची आहे, आणि ती तिची आहे. मी तिचा ऋणी आहे."