शांत टायर

बंदराच्या उतारावरून होड्या ओढून वर काढायचं काम मच्छीमार सोसायटीच्या पिकअपचं, आणि ती पिकअप चालवायचा हरेश्वर पावसे. टायर झिजले तेव्हा त्याने टायरच्या दुकानात जाड नक्षीचे, निसरड्यावर पकड धरणारे टायर मागितले. पण सोबत आलेले सोसायटीचे अध्यक्ष दोरलेकर त्याच गाडीतून बैठकांना जात.

"ते टायर डांबरी रस्त्यावर घरघरतात, डोकं उठतं. मऊ, शांत टायर घाल," त्यांनी दुकानातच हुकूम सोडला.

हरेश्वरच्या डोळ्यांपुढे तो शेवाळलेला उतार उभा राहिला आणि त्याच्या पायथ्याशी मासळी निवडत बसणाऱ्या बायका. त्यांत त्याची आईही असे. पण वाद घालून ऐकणाऱ्यांतले अध्यक्ष नव्हते.

"घालतो साहेब," तो म्हणाला. "फक्त उद्या पहिली होडी ओढताना तुम्ही तिच्या मागे, खालच्या अंगाला उभे राहा."

"मी कशाला?"

"टायर शांत आहेत ना. गाडी मागे घसरायला लागली तरी खालच्या बायकांना आवाज यायचा नाही. कुणीतरी ओरडायला हवं."

अध्यक्ष दुकानदाराकडे वळले. हलकेच म्हणाले, "जाड नक्षीचेच घाला. बैठकीला जाताना मी कानात कापूस घालीन."