उपड्या गाडग्याचा पक्ष

टक्.

सकाळच्या शांततेत तेवढाच आवाज झाला. छबीने गाडग्यात चोच घातली होती आणि चोच थेट तळाला लागली होती.

"आई, हे वाजतंय."

"हं," सारजा म्हणाली, आणि पिल्लाकडे पाठ करून उगाचच काड्या आवरू लागली.

तर असं एक रान होतं. रानात नदी होती, नदीकाठी उंबर होता, आणि उंबराच्या ढोलीत सारजा नावाची साळुंकी आपल्या एकुलत्या पिल्लाला घेऊन राहत होती. रानाला राजाही होता. अस्वलमहाराज. महाराज इतके दयाळू, की प्रजेला धान्य सांभाळायचा त्रास नको म्हणून सगळ्या रानाचं धान्य ते एकाच मोठ्या कोठारात ठेवून घेत. कोठाराच्या राखणीला त्यांनी घुशी नेमल्या होत्या. धान्यातलं घुशींना जेवढं कळतं तेवढं कुणाला कळणार?

कोठार वर्षातून एकदा उघडायचं. उघडायच्या आधी दारगाणं म्हणायचं, असा रिवाज होता आणि तो मान सारजाच्या घराण्याचा होता. तिची आई म्हणायची, आजी म्हणायची. गाणं संपलं की गाणारीने उंबऱ्यावर उभं राहून विचारायचं, "कोठार कसं आहे?" आणि जमलेल्या सगळ्यांनी डोळे मिटून, मान लववून तीनदा म्हणायचं, "भरलंय! भरलंय! भरलंय!" दाराशी अभद्र बोलू नये, एवढाच त्यामागचा हेतू. आत काय आहे याच्याशी त्याचा संबंध नव्हता. रानातली पिल्लं उडायला, पळायला नंतर शिकत, हे आधी शिकत.

यंदाही सारजा गायली, सगळे भरलंय म्हणाले, दार उघडलं, आणि प्रत्येकाच्या पुढ्यात ओंजळभर कोंडा पडला.

"अगं, धान्य कुठाय?" सायाळकाकूंनी विचारलं. सायाळकाकू सारजाच्या शेजारीण. उंबराच्या मुळाशी त्यांचं बीळ होतं, आणि सारजा गायला लागली की अंगावरचे काटे खुळखुळवून त्या ताल धरत.

"हेच धान्य," थोरली घूस स्वतःच्या पोटावरून पंजा फिरवत म्हणाली. "फक्त त्यातला जड भाग काढलाय. प्रजेला वाहून न्यायला सोपं पडावं म्हणून."

"आणि तो जड भाग?"

"महाराजांच्या गुहेत. जड ते सगळं महाराज स्वतः उचलतात."

यावर टाळ्या पडल्या. सवयीच्या होत्या.

चार दिवसांनी त्या कोंड्याची पेज करताना सारजा दारगाण्याचीच चाल गुणगुणत होती. शब्द मात्र भलतेच आले:

*दाणा माझा, कोंडा तुझा,*
*समान वाटा, म्हणतो राजा.*

खाली काटे खुळखुळले. मग खुळखुळ थांबली आणि सायाळकाकू पोट धरून हसायला लागल्या. "सारजे, परत म्हण गं. हसताना भूक विसरायला होते."

सारजाने परत म्हटलं. छबी पण हसली, तिला काही कळलं नव्हतं तरी. दुसऱ्या दिवशी ससे आले, तिसऱ्या दिवशी नदीपलीकडची वानरं आली. आठवड्याभरात उंबराखाली एवढी गर्दी जमू लागली की सायाळकाकू म्हणाल्या, "बये, यालाच पक्ष म्हणतात. नोंदवून टाक."

नोंदणी कासवाकडे होती. त्याने कवचातून मान बाहेर काढली. तेवढ्यात दुपार झाली.

"पक्षाचं नाव?"

"अखिल रान कोंडा पक्ष."

"चिन्ह?"

"उपडं गाडगं."

"पक्ष प्रजेला काय देणार?"

"काहीही नाही. पण ते वेळेवर देणार."

कासवाने तिच्याकडे नीट पाहिलं. "ताई, बाकीच्यांचंही हेच आहे. पण असं कुणी लिहून देत नाही."

"म्हणूनच तर नवा पक्ष," सारजा म्हणाली.

त्या रानात निवडणूक साधी होती. दर पाच वर्षांनी, कोठाराच्या त्याच उंबऱ्यावर, तेच दारगाणं आणि तोच प्रश्न. प्रजा काय उत्तर देते ते बगळा लिहून घ्यायचा. उत्तर 'भरलंय' आलं की महाराज पुढची पाच वर्षं महाराज. 'रिकामं' आलं, तर त्याच दिवशी राजाची गुहा उघडायची आणि आत असेल ते घरोघर वाटायचं. हा नियम कुणा जुन्या राजाने केला होता. त्याच्या गुहेत बहुधा फक्त तोच राहत असावा.

निवडणूक वीस दिवसांवर होती. छबीच्या पंखांखालची हाडं चोचीला लागू लागली होती. पोटभर दाणे मिळाले तर पावसाच्या आत ती उडाली असती. सारजाला राजकारण एवढंच कळत होतं.

गाणी ती चोरून करायची. छबीला पंखाखाली घेऊन थोपटताना एक ओळ, छबी झोपली की दुसरी, आणि तिसरी सुचेपर्यंत छबी उठलेली असायची. त्यामुळे पक्षाची सगळी गाणी दोनच ओळींची झाली. ती पटकन पाठ व्हायची. वानरांनी त्याला पक्षाचं धोरण म्हटलं.

सभा तर अशा रंगायच्या की विचारू नका. सारजा फांदीवर उभी राहून महाराजांसारखी छाती फुगवायची. "बंधूंनो, भगिनींनो, आणि अंड्यांवर बसून ऐकणाऱ्या मातांनो! विरोधक म्हणतात, आमच्याकडे कार्यक्रम नाही. साफ खोटं! आम्ही घरोघर कोंडा पोचवू. कोंड्यावर महाराजांचा फोटो छापू. ज्यांना कोंडाही नको, त्यांना नुसता फोटो देऊ! आमचं चिन्ह उपडं गाडगं. घरी जाऊन बघा, आमचा प्रचार तुमच्या चुलीपाशी आधीच पोचलाय!"

मग ती विचारायची, "कोठार कसं आहे?" आणि सगळं रान एका आवाजात म्हणायचं, "रिकामं!"

पहिल्या दिवशी तो शब्द म्हणताना सशांची दातखीळ बसली होती. दहाव्या दिवशी ते सर्वांत मोठ्यांदा ओरडत होते.

महाराजांपर्यंत हे पोचलं, तेव्हा त्यांनी तीन फर्मानं काढली. पहिलं, गाडगी उपडी ठेवणं हा प्रचार असल्याने सर्व गाडगी सरळ ठेवावीत. दुसरं, सरळ ठेवलेल्या गाडग्यात डोकावून बघू नये, त्याने मनोबल खचतं. तिसरं, पोटातून येणारा गुरगुर आवाज विनापरवाना वाद्यवादन समजला जाईल.

तिसऱ्या फर्मानाने सायाळकाकूंना पकडलं. "वाद्य जप्त करा," असा हुकूम होता. पोट जप्त कसं करायचं हे कुणालाच ठाऊक नसल्याने संध्याकाळी सोडून दिलं.

निवडणुकीला तीन दिवस उरले असताना कोल्हा उंबराखाली आला. आजवर प्रत्येक राजाच्या उजव्या हाताला तो बसलेला होता. "सारजाताई, आम्हालाही पक्षात घ्या."

"कोल्हेसाहेब, ही थट्टा आहे हे माहीत आहे ना तुम्हाला?"

"थट्टा असो नाहीतर काही असो. गुहा उघडली की वाटपाला अनुभवी कुणीतरी लागेलच ना?"

"बघा, बघा," सायाळकाकू खालून म्हणाल्या. "सारजे, आपण जिंकतोय गं!"

आणि खरंच तसं वाटत होतं. आदल्या दिवशी बगळा भेटायला आला. पांढराशुभ्र, एका पायावर, आवाज खाली. सारजाला वाटलं, धमकी देणार. तो म्हणाला, "महाराजांची एकच विनंती आहे ताई. उद्या दारगाणं नेहमीच्या चालीत, नेहमीच्या शब्दांत व्हावं. पूर्ण. रिवाज आहे आपला. शेवटी जनता द्यायचं ते उत्तर देईलच."

"म्हणजे काय! दारगाणं काही मी मोडणार नाही," सारजा म्हणाली. तिला थोडा रागच आला. थट्टा निराळी, घराण्याचं गाणं निराळं.

"माझीही तीच अपेक्षा होती," बगळा म्हणाला आणि दुसऱ्या पायावर उभा राहिला.

निवडणुकीच्या सकाळी सगळं रान उंबऱ्यापाशी लोटलं. पुढे ससे, मागे वानरं, बाजूला कोल्हा, कुठल्याही बाजूला जाता येईल असा. महाराज गादीवर. घुशी दाराशी, मागचे पाय पळायच्या तयारीत. छबी सायाळकाकूंच्या डोक्यावर, काटे सांभाळून बसलेली.

सारजाने सूर लावला.

ती आयुष्यात इतकं चांगलं कधी गायली नव्हती. आईने शिकवलेल्या जागा एकेक करून आपोआप येत गेल्या. आजीची ती लांब तान, जी तिला कधी जमली नव्हती, तीही आली. वारा पडला. सायाळकाकूंचे काटे नकळत तालात हलू लागले. गाणं पुढे गेलं तशा सशांच्या माना लवल्या, मग वानरांच्या. एकेक करून सगळ्यांचे डोळे मिटले. गाणं संपलं तेव्हा सारजाचेही मिटलेले होते.

"कोठार कसं आहे?" तिने विचारलं.

"भरलंय!" सगळं रान म्हणालं. "भरलंय! भरलंय!"

मग डोळे उघडले.

ससे एकमेकांकडे बघत होते, जणू शेजारच्यानेच म्हटलं. सायाळकाकूंनी पंज्याने तोंड दाबलं होतं, उशिरा. बगळ्याचं लिहून झालं होतं.

"परत विचारा!" एक वानर ओरडलं. "सारजाताई, परत विचारा!"

"एकदाच विचारायचं असतं," कासव म्हणालं. हे मात्र ते लगेच म्हणालं.

महाराज उठले. त्यांचे डोळे भरून आले होते. "विरोधी पक्ष असावा तर असा. आमच्या बाजूने इतक्या सुरेल आवाजात आजवर कुणीच विचारलं नव्हतं." त्यांनी सारजाला मानाचं गाडगं दिलं. रंगवलेलं, आणि सरळ. कोल्ह्याने सगळ्यांत आधी टाळी वाजवली. "मी पहिल्यापासून म्हणत होतो, ही थट्टा आहे," तो जवळच्या घुशीला म्हणाला.

त्या दिवसापासून पाच वर्षं त्या रानात कुणीही उपाशी नव्हतं. तशी लेखी नोंद आहे.

सारजा छबीला घेऊन ढोलीत परतली. गाडगं कोपऱ्यात ठेवलं. छबीने लगेच त्यात चोच घातली.

टक्.

"हे जुन्यापेक्षा छान वाजतंय," छबी म्हणाली. सारजाने तिला पंखाखाली ओढलं. हाडं पंखाला टोचली.

"आई, आपण तर रिकामं म्हणणार होतो ना?"

"हो गं."

"मी डोळे मिटले नव्हते. मी बघत होते. तू पण भरलंय म्हणालीस."

सारजाने चोच उघडली. "मला नव्हतं म्हणायचं, बाळा. आपोआप आलं तोंडातून."

छबीने यावर नीट विचार केला. पंखाखालून मान बाहेर काढून तिने आईच्या तोंडाकडे पाहिलं.

"मग मी मोठी झाले, की माझ्याही तोंडातून आपोआप येईल?"