दाखल्यावरची सही

महापालिकेने शहरातल्या कमावत्या माणसांच्या शिक्षणाची पाहणी सुरू केली. परदेशात शिकून मोठ्या हौसेने परतलेली आणि या पाहणीच्या कामाला लागलेली केतकी फॉर्म घेऊन पाणीपुरवठा कचेरीत गेली आणि तिथे तिचं डोकंच फिरलं. फॉर्ममध्ये पदव्यांचे चाळीस प्रकार होते, पण चोवीस वर्षं गावठाणाचं पाणी सोडणाऱ्या गेनूतात्यांसाठी एकही रकाना नव्हता.

"लिहा 'अशिक्षित'," तात्यांच्या शेजारी उभ्या दोन तरुणांकडे बोट दाखवत उपायुक्त रणपिसे म्हणाले. "अशिक्षितांना पुढच्या महिन्यापासून कामावर ठेवायचं नाही. तात्यांच्या जागी हे दोन इंजिनियर येतील."

केतकी तडकली. "अहो साहेब, जमिनीखालच्या पाइपांचा नकाशा तुमच्याकडे नाही. तो यांच्या डोक्यात आहे!"

"म्हणून तर दोघांना तीन महिने त्यांच्या हाताखाली दिलं होतं," साहेब हसले. "तात्या, यांच्या प्रशिक्षणाच्या दाखल्यांवर सही करा. त्याशिवाय यांना रुजू करून घेता येत नाही."

तात्यांनी दाखले नीट वाचले आणि तसेच परत सरकवले.

"साहेब, आधी माझा फॉर्म पुरा करा. मी अशिक्षित असेन, तर माझ्या सहीने हे शिकलेले कसे ठरतील? आणि माझी सही चालणार असेल, तर मला घरी कसं पाठवता?"

दोन्ही इंजिनियर खाली बघून हसू दाबू लागले. साहेबांनी केतकीच्या हातून फॉर्म ओढला, 'अशिक्षित'ऐवजी 'प्रशिक्षक' लिहिलं आणि म्हणाले, "झालं समाधान? करा आता सही!"

"एवढ्यात कशी करू?" तात्या म्हणाले. "कुंभारआळीतला व्हॉल्व्ह उलटा फिरतो, ते अजून यांना कुठे शिकवलंय?"