साती आसरांनी न धरलेल्या गोजरेची कहाणी

ऐका साती आसरांनो, तुमची कहाणी. बायांनो, हातात अक्षता घ्या, आणि मधेच कुणी उठू नका.

आटपाट गाव. गावाला नदी, नदीच्या वळणावर शेंदूर लावलेले सात दगड. त्या साती आसरा, पाण्यातल्या देवी. गाव त्यांना भ्यायचं. दगडांच्या वरच्या अंगाला एका रंगाऱ्याचं घर होतं. घरात रंगारी, त्याची म्हातारी आई, लग्नाला आलेली बहीण हौसा, आणि बायको गोजरा. अंगणात निळीचे रांजण पुरलेले, पुरुषभर खोल.

गोजरेला मुलगा झाला. बारसं झालं, घुगऱ्या वाटल्या, पाळण्यात नाव पडलं. तेराव्या दिवशी ती मुलाला घेऊन रांजणाजवळनं चालली, तर मनात आलं, ह्याला यात टाकलं तर? तिनं मूल पाळण्यात ठेवलं आणि हात पाठीमागं घेतले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच मनात आलं. तिसऱ्या दिवशी ते नुसतं मनात राहीना, बोलायला लागलं. टाक म्हणालं.

मग गोजरा नवऱ्याकडे गेली. म्हणाली, "अहो, मला भ्या वाटतं."

"कशाचं?"

"माझ्या हातांचं."

रंगारी हसला. "निळे झालेत म्हणून? माझेही निळेच आहेत की!" आणि कापड पिळायला लागला.

मग ती सासूकडे गेली. सासू म्हणाली, "बाळंतिणीला होतं असं. डिंकाचा लाडू खा आणि पड जरा."

मग ती नणंदेकडे गेली. हौसेला तिनं सगळं सांगितलं, रांजणाचंही सांगितलं. हौसेनं ऐकलं मात्र, हातातलं ताट टाकून पळाली, ती ओरडतच घरात गेली.

मग घर घाबरलं. भगत आणला. भगतानं मिरच्यांची धुरी दिली, लिंबं कापली, केस धरून विचारलं, "कोण आहेस?" गोजरा खोकत म्हणाली, "मी गोजरा." त्यानं पुन्हा विचारलं, ती पुन्हा तेच म्हणाली. तिसऱ्यांदा तिला बोलवेना. भगत म्हणाला, "बघा, मुकी झाली. हिला आसरांनी धरलंय. आता हिच्याशी कुणी बोलायचं नाही. बोलाल, हिचं ऐकाल, तर तुम्हालाही धरतील."

घरानं ऐकलं. नवरा बोलेना, सासू बोलेना, नणंद बोलेना. जेवणाचं ताट उंबऱ्याशी सरकवायचं आणि तोंड फिरवायचं. पाजायच्या वेळी मूल तिच्या मांडीवर ठेवायचं आणि लगेच उचलून न्यायचं. एवढ्या घरात तिच्याशी बोलणारं एकच उरलं, ते म्हणजे तिच्या मनातलं. ते सकाळी बोले, दुपारी बोले, दिवेलागणीला बोले. गोजरा काय करी? लुगड्याचा पदर फाडी आणि दातांनी ओढून आपलीच मनगटं बांधी.

एके दिवशी भर दुपारी सगळी माणसं वाळवणाकडे गेली. पाळण्यात मूल रडायला लागलं. मनातलं म्हणालं, आता कुणी नाही. गोजरेनं मनगटं सोडली नाहीत. तशीच उठली, पाळण्याकडे पाठ केली, आणि धावत नदीवर गेली. म्हणाली, "आसरांनो, मला घ्या. पोराला माझ्यापासून वाचवा." आणि पाण्यात शिरली. गुडघ्याइतकं पाणी झालं, कमरेइतकं झालं, गळ्याशी आलं.

तोच दगडांवरनं हाक आली, "कुठं निघालीस गं?"

बघते तर ओल्या केसांची एक म्हातारी बसलेली.

"तुमच्याकडेच. तुम्ही मला धरलंय ना?"

"आम्ही?" म्हातारी चिडली. "कुणी सांगितलं? त्या मिरच्या जाळणाऱ्यानं? अगं, पोराच्या भल्यासाठी जी स्वतःचे हात बांधते तिला धरून आम्ही काय करू? तुला आम्ही धरलं नाही. तुला दुखणं झालंय. अंगाला ताप येतो तसा मनाला आलाय."

"मग तो उतरेल?"

"उतरेल. पण वसा घ्यावा लागेल."

"सांगा, घेते."

"पैलतीरी वैद्य आहे, त्याला नाडी दाखव. तो देईल तो काढा चुकवू नकोस. रोज सकाळी एका माणसाला जवळ बसव, आणि रात्रभर मनानं जे म्हटलं ते सगळं सांग. ऐकणाऱ्यानं हसू नये, पळू नये, उपाय सांगू नये. नुसतं विचारावं, 'अजून?' तू 'संपलं' म्हणेपर्यंत विचारावं. बरं वाटलं म्हणून वसा सोडू नकोस. घरानंही सोडवू नये."

"माझं ऐकणार कोण? माझ्याशी कुणी बोलत नाही."

म्हातारीनं तिचं मनगट धरलं, पाण्याबाहेर काढलं, दारापर्यंत आणलं. गोजरेनं वळून पाहिलं, तर मागं कुणी नव्हतं.

माणसं वाळवणाकडनं परतली होती. घरात रंगारी मुलाला घेऊन उभा. ती म्हणाली, "ऐकता?" तो मागं सरला. हौसेला म्हणाली, "वन्सं, ऐकता?" हौसेनं कानांवर हात ठेवले. सासूला म्हणाली, "आत्याबाई, ऐकता?" सासू थरथर कापत होती. कापत कापतच ती खाली बसली. म्हणाली, "धरलं तर मला धरू दे. माझं वय झालंय. बोल पोरी."

गोजरा बोलली. सासूच्या तोंडचं पाणी पळालं, पण ती उठली नाही. म्हणाली, "अजून?" गोजरा आणखी बोलली. "अजून?" ऊन ओसरीवरनं उतरलं तेव्हा गोजरा म्हणाली, "संपलं." सासूला कुणी धरलं नाही.

मग काढा सुरू झाला, वसा सुरू झाला. महिना गेला, दुसरा गेला. मनातलं गेलं नाही, पण बारीक झालं, लांबनं बोलू लागलं. तिसऱ्या महिन्यात गोजरेनं मुलाला आपल्या हातानं न्हाऊ घातलं.

पुढं काय झालं? हौसेला पाहायला पाहुणे यायचे ठरले. सासू म्हणाली, "आता बरी आहेस ना? मग चार दिवस ते बोलणं नको, काढ्याचा वासही नको. वेडाचं नाव निघालं तर पोरीला कोण करील?" काढा उकिरड्यावर ओतला. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी गोजरेनं मुलाला न्हाऊ घातलं नाही. तिसऱ्या दिवशी मनातलं अंगणात आलं. चौथ्या दिवशी पाहुणे ओसरीवर बसले, हौसा पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली, आणि आत पाळण्यापाशी ते गोजरेच्या कानात बोललं. टाक म्हणालं.

गोजरा दारात आली. मनगटं बांधलेली. बाहेर पाहुणे, आत मूल. बोललं तर नणंदेचं लग्न जातंय, न बोललं तर मूल जातंय. मग ती म्हणाली,

"मला भ्या वाटतंय. माझं कुणीतरी ऐका हो."

सासूनं डोळे मिटून घेतले. रंगारी मूल उचलायला आत धावला. हौसेनं पाहुण्यांकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं. हातातल्या बशा खाली ठेवल्या, नव्या लुगड्यानिशी गोजरेसमोर जमिनीवर बसली. म्हणाली, "बोल वैनी. मी पळत नाही."

गोजरा सगळ्यांदेखत बोलली. हौसा म्हणाली, "अजून?"

पाहुण्यांतला नवऱ्या मुलाचा चुलता उठला. "वेडाचं घर आहे," म्हणाला आणि चालता झाला. नवऱ्या मुलाची मावशी उठली, पदर सावरत त्याच्या मागं गेली. नवऱ्या मुलाची आई उठली नाही. गोजरा "संपलं" म्हणेपर्यंत ती बसून राहिली. मग सरकत सरकत हौसेजवळ आली, आणि हळूच म्हणाली, "पोरी, माझ्या बाळंतपणाला वीस वर्षं झाली. मला कुणी विचारलं नाही. मी सांगितलं तर ऐकशील?"

हौसा म्हणाली, "बोला आत्याबाई."

साती आसरांनो, गोजरेला ऐकणारं माणूस भेटलं तसं भ्यालेल्या प्रत्येकीला भेटू द्या, आणि ऐकणाऱ्याला बसून राहायचं बळ द्या. साठ बोलांची कहाणी पाच बोलांत सांगितली, सांगणारीला फळो, ऐकणारीला फळो, इथं ती पुरी झाली.