अध्यक्षांसाठी चटई

आमच्या शाळेत चिडलेलं पोर कोपऱ्यातल्या चटईवर बसतं, पाणी पितं आणि शांत झालं की उठतं. एवढी साधी गोष्ट, पण शाळा समितीचे अध्यक्ष दाजीबा खरमाटे यांना ती दर बैठकीत खुपायची. परवा तर ते टेबलावर मूठ आपटून गरजले, "कसले हे लाड! जो ओरडेल त्याला शाळेबाहेर काढा! आजपासून हाच नियम!"

मुख्याध्यापिका कुंभारेबाईंनी वैतागून पेन खाली ठेवलं.

"चालेल. मग आत्ता कोण ओरडलं?"

सगळे दाजीबांकडे बघू लागले.

"तुमचा नियम लावायचा तर दार तिकडे आहे," बाई म्हणाल्या. "आमचा लावायचा तर चटई इकडे."

दाजीबांनी मुकाट्याने चटई गाठली आणि पाणी मागितलं.