काळ्या घोंगडीवरची धार

फार वर्षांपूर्वी, खडकमाळचं दूध अजून डेअरीला जात नव्हतं तेव्हा, तिथं ठकुआत्या नावाची एक गवळण राहायची. डोळे मिटून नुसता धारेचा आवाज ऐकला, तरी गाईचा कोणता सड बिघडलाय ते ती सांगायची, असं म्हणतात.

गावात पहिली धार धरणीमातेला द्यायची रीत होती. ती मातीत मुरायची, म्हणून तिच्यात काय आहे ते कुणाला दिसायचंच नाही. मग एखाद्या दिवशी गाईची कास दगडासारखी व्हायची आणि लोक शेजारणीच्या नजरेला बोल लावायचे. आत्या ती धार काळ्या घोंगडीवर घ्यायला लागली. दुधात नासका कण असला, की काळ्यावर उठून दिसायचा.

एकदा तिनं पाटलांच्या चांद्रीची धार घेतली. गाय धडधाकट, चरवी भरून दूध देणारी. आत्या म्हणाली, “पाटील, हिचा मागचा डावा सड आतनं नासलाय. हिला समद्यांत शेवटी पिळा, न्हाईतर पिळणाऱ्याच्या हातानं रोग बाकीच्या गाईंना लागंल.”

पाटलांचा पारा चढला. “आमच्या लक्ष्मीला नावं ठेवतीस? आठ दिसांत कास सुजली तर तू खरी. न्हाई सुजली, तर गाव सोडायचं.”

आता पैज जिंकायला आत्यानं नुसतं गप्प बसायचं होतं. पण मुक्या जिवाचे हाल तिला बघवेनात. पाटलीणबाईंना विनवून ती रोज मागच्या दारानं गोठ्यात शिरायची, तो सड पुरता पिळून काढायची आणि कासेला कोरफड, हळद नि चुन्याचा लेप लावायची.

पाटलीणबाई म्हणाल्या, “आत्या, आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायलीस.”

“आसू द्या, बाई. मला दुसरं गाव मिळंल. हिला दुसरी कास कुठली मिळायची?”

आठव्या दिवशी कास लोण्यासारखी मऊ होती. आत्या खोटी ठरली. नवऱ्याच्या धाकानं पाटलीणबाईंना तोंड उघडता आलं नाही. आत्यानं घोंगडी खांद्यावर टाकली आणि ती निघाली. गावच्या गाई दावी तोडून वेशीपर्यंत तिच्यामागं गेल्या, असं म्हणतात.

तिसऱ्या दिवशी पाटलीणबाईंनी खरं ते सांगितलं. पाटील शरमले, स्वतः घोडीवर बसून पाच गावं धुंडाळून आले. आत्या काही सापडली नाही.

आजही खडकमाळात पहिली धार मातीत जात नाही. ती काळ्या फडक्यावर घेतात आणि वाकून नीट बघतात. कण दिसला, तर त्या गाईला शेवटी पिळतात. दूध स्वच्छ निघालं, तर “आत्या खोटी ठरली” असं म्हणून हात जोडतात, आणि मगच चरवी पुढं ओढतात.