हरभऱ्याच्या शेतातला डबा

"...आणि शेत रिकामं होतं?"

"पूर्ण रिकामं, सर," शार्दूल म्हणाला.

कॅप्टन चौबळांनी नुसती मान डोलावली. तालुक्याच्या गावाबाहेर धावपट्टीच्या कडेला एक पत्र्याची शेड होती. तिथं बसून ते तीस वर्षं पोरांना विमान चालवायला शिकवत होते. बोलणं कमी. कौतुक त्याहून कमी.

शार्दूल घारपुरे त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. हे त्याला कुणी सांगावं लागत नसे. परवा तो एकटा उडत असताना इंजिन बंद पडलं आणि त्यानं ते छोटं विमान हरभऱ्याच्या शेतात उतरवलं. विमानाला ओरखडासुद्धा नाही. आज पेपरात बातमी होती, 'वैमानिकाच्या प्रसंगावधानाने जीव वाचले.' शेजारी त्याचा फोटो आणि नाव. फोटो झकास आला होता, हेही खरं.

तोच पेपर घेऊन तो आला होता. सोबत एक अर्ज. त्याला आता शिकवणारा व्हायचं होतं, दुसऱ्यांच्या पोरांना शेजारी बसवून उडायचं होतं. सरांची शिफारस हवी होती. सरांनी पेनाचं टोपण काढून ठेवलेलं पाहून तो निर्धास्त झाला.

"इंजिन गेलं तेव्हा उंची किती होती?"

"दोन हजार फूट."

"मग?"

मग शार्दूलनं सगळं सांगितलं. किल्ली फिरवली, चालू होईना. इंधन तपासलं, परत किल्ली. परत. चारशे फुटांवर आल्यावर समोर शेत दिसलं, तिथं टेकवलं. सांगताना त्याचे दोन्ही हात हवेत विमान चालवत होते.

"किल्ली किती वेळा फिरवलीस?"

"सात... आठ असेल. शेवटपर्यंत प्रयत्न सोडला नाही, सर."

 खाली वाकून सरांनी पिशवीतून एक जर्मनचा भाकरीचा डबा काढला आणि अर्जावर ठेवला. डबा पार चपटा झाला होता. झाकणावर टायरची नक्षी उमटली होती.

"हा कुणाचा?"

"कौसाबाईचा. शेत तिचं. काल जाऊन आलो."

कौसाबाई परवा हरभरा उपटत होती. तिची सासू थोड्या अंतरावर पाठमोरी बसून भाकरी खात होती. बंद इंजिनाला आवाज नसतो. कौसाबाईला आधी सावली दिसली, मग विमान. तिनं पदर हलवला, दोन्ही हात हलवले. विमान काही वळेना. तेव्हा ती धावत सुटली आणि तिनं म्हातारीला दंडाला धरून फरफटत बाजूला नेलं. म्हातारीचा गुडघा सोलवटला. डबा तिथंच राहिला.

सरांनी हे सगळं हवामान सांगावं तसं सांगितलं.

शार्दूलचा चेहरा उतरला.

"पण सर... मी विमानातून बाहेर आल्यावर तिथं गर्दी जमली. लोक माझ्याबरोबर सेल्फी काढत होते. मला कुणी काही बोललं नाही..."

"म्हातारी थरथरत होती. कौसाबाईनं तिला घरी नेलं होतं."

सरांनी डब्याकडे बोट दाखवलं.

"कौसाबाई म्हणाली, 'पोराची मान खाली होती. काय तरी हुडकत होता.'"

शार्दूलनं डबा उचलला. टायरच्या खुणेवरून बोट फिरवलं. परवा इंजिन बंद पडल्यावरही वाटली नव्हती एवढी भीती त्याला आत्ता, खुर्चीत बसल्या बसल्या वाटली.

 मग त्यानं अर्ज आपणच ओढून घेतला, घडी घातली आणि खिशात ठेवला. सरांनी पेनाला टोपण लावलं.

पेपर टेबलावरच होता. शार्दूलला त्या फोटोकडे बघवेना.

"म्हणजे यात छापलंय ते सगळं खोटं, सर?"

सरांनी चष्मा लावून बातमी पुन्हा एकदा वाचली.

"जीव वाचले, हे खरंच आहे," ते म्हणाले. "नाव तेवढं चुकलंय."